एका हाताचा जमाखर्च

व्यापारी घरात वाढणाऱ्या मुलाला बाराखडीच्या बरोबरीनेच आणखी एक गोष्ट उमगू लागते. गादीवरच्या लाल वहीला दोन बाजू असतात : डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रात्री दुकान वाढवल्यावर आजोबा मेळ घालायला बसले, की उजवीकडचा आकडा कितीही मोठा असला तरी तो खोडता येत नाही, हे त्या मुलाच्या नजरेस पडते. डावीकडे भर घालीत जाणे, एवढेच काय ते माणसाच्या हाती असते.

ही जुनी शिस्त आठवावी असे एक चरित्र अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलच्या इतिहासात आहे. जेम्स अँथनी अ‍ॅबट, म्हणजेच जगाला ठाऊक असलेला जिम अ‍ॅबट, उजव्या पंजाविनाच जन्माला आला. तरीही मिशिगन विद्यापीठाच्या संघातून खेळताना तो त्या देशातील सर्वोत्कृष्ट हौशी खेळाडू ठरला. त्याला मिळालेल्या सन्मानांची यादी मोठी आहे. परंतु ते सन्मान दयेचे होते की दादेचे, हा प्रश्न त्याला बालपणापासून निवृत्तीपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्या प्रश्नाचे उत्तर त्याने बोलून क्वचितच दिले. बहुधा ते चेंडूनेच दिले.

फ्लिंट गावातील भिंत

मिशिगन राज्यातील फ्लिंट हे मोटारींचे गाव. जनरल मोटर्स या कंपनीची स्थापना १९०८ साली याच गावी झाली आणि पुढे अनेक दशके गावाची चूल मोटारींच्या कारखान्यांवर पेटत राहिली. अशा कष्टकरी गावात १९ सप्टेंबर १९६७ रोजी जिमचा जन्म झाला. आईवडील अवघे अठरा वर्षांचे होते. संसार नुकताच कुठे उभा राहत होता आणि पहिल्याच अपत्याचा उजवा हात मनगटापाशी संपलेला होता. त्या कोवळ्या वयात हे दुःख त्यांना पेलले कसे असेल, याची कल्पना पालक झालेल्या प्रत्येकाला करता येईल. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. पुढे मुलाला वाढवता वाढवता आई शिकत राहिली आणि वकील झाली.

लहानपणी जिमला आकड्यासारखा धातूचा कृत्रिम हात बसवण्यात आला होता. मुले त्याला भीत, चिडवीत. शेवटी तो हात त्याने कायमचा काढून ठेवला. नव्या वस्तीत राहायला गेल्यावर तो घरात रेंगाळू लागला, की वडील त्याला बाहेर पाठवीत आणि इतर मुलांकडे स्वतः जाऊन आपली ओळख करून द्यायला सांगत. वरवर पाहता हे कठोर वाटेल. परंतु मुलाला जगापासून जपण्यापेक्षा जगात उभे राहायला शिकवणे अधिक अगत्याचे आहे, हे त्या तरुण बापाने ओळखले होते.

शाळेत तिसऱ्या इयत्तेतील एका शिक्षकांनी त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली. त्यासाठी त्यांनी आधी स्वतः एक मूठ बंद ठेवून, एकाच हाताने नाडी बांधण्याचा सराव केला; आणि जमू लागल्यावर मगच मुलाला शिकवले. शिकवण्याआधी शिकणाऱ्याची अडचण आपल्या हातांनी अनुभवून पाहणारा असा शिक्षक लाभणे, हीसुद्धा एक मिळकतच होय.

बेसबॉलची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची होती. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा करावा लागेल. या खेळातील पिचर म्हणजे आपल्याकडील गोलंदाजच म्हणा. मात्र तो धावत येत नाही आणि चेंडू टप्पा न पाडता फेकतो. साठ फूट सहा इंचांवरून येणारा तो चेंडू गोल दांडक्याने टोलवायचा, हे फलंदाजाचे काम. पिचर एका हाताने चेंडू फेकतो आणि दुसऱ्या हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह घालतो. कारण चेंडू फेकल्याच्या पुढच्या क्षणी त्याला क्षेत्ररक्षक व्हावे लागते. टोलवलेला चेंडू कधी गोळीसारखा त्याच्याच अंगावर येतो. एका हाताने फेकायचे आणि दुसऱ्या हाताने झेलायचे, ही या खेळाची मूळ मांडणी. ज्याच्यापाशी दुसरा पंजाच नाही, त्याने काय करावे?

जिम आणि त्याचे वडील यांनी यावर घराच्या अंगणात तोड काढली. चेंडू डाव्या हाताने फेकताना ग्लोव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर अलगद टेकवून ठेवायचा. चेंडू सुटताच डावा हात झटकन त्या ग्लोव्हमध्ये सरकवायचा आणि झेल घ्यायला सज्ज व्हायचे. चेंडू झेलल्यावर ग्लोव्ह उजव्या हाताने छातीशी दाबून धरायचा, डावा हात मोकळा करायचा, आतला चेंडू त्या हातात घ्यायचा आणि सहकाऱ्याकडे फेकायचा. वाचायला लागतो त्याहून कमी वेळात हे सारे उरकावे लागे. त्यासाठी तो विटांच्या भिंतीवर चेंडू मारीत बसे. परतणारा चेंडू झेलायचा, पुन्हा मारायचा. अदलाबदल जमू लागली, की भिंतीच्या आणखी जवळ सरकायचे, म्हणजे चेंडू अधिक लवकर परते. भिंत कोणाची कीव करीत नाही. दिलेला चेंडू ती तितक्याच हिशेबीपणे परत करते.

हळूच टोलवलेला चेंडू

बेसबॉलमध्ये ‘बंट’ नावाची एक चाल असते. फलंदाज जोरदार फटका मारण्याऐवजी चेंडूला दांडक्याचा केवळ स्पर्श करतो आणि तो पिचरच्या पुढ्यात हळूच सोडून धाव घेतो. पिचरला पुढे झेपावून चेंडू उचलावा आणि फेकावा लागतो. एका हाताच्या पिचरविरुद्ध याहून सोपी युक्ती कोणती असणार? शालेय सामन्यांत प्रतिस्पर्धी संघांनी नेमके हेच केले. एकामागून एक फलंदाज बंट करू लागले. जिम पुढे येई, चेंडू उचली आणि धावणाऱ्याला बाद करी. काही वेळाने युक्तीचा उपयोग होत नाही हे ध्यानात आले, की प्रतिस्पर्धी नेहमीसारखे खेळू लागत.

या प्रसंगाकडे क्रूरपणा म्हणून पाहता येईल. परंतु त्यात एक प्रामाणिकपणाही होता. जिंकण्यासाठी समोरच्याचे दुबळे अंग शोधणे, हे प्रत्येक प्रतिस्पर्धी प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत करतोच. ते अंग खरोखर दुबळे आहे की नाही, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता. आणि भिंतीपाशी घालवलेल्या संध्याकाळी त्याचे उत्तर आधीच तयार झाले होते.

फ्लिंट सेंट्रल हायस्कूलमध्ये तो केवळ पिचर नव्हता. शेवटच्या वर्षी त्याने फलंदाजीत ०.४२७ अशी सरासरी राखली. म्हणजे दर दहा संधींत चारांहून अधिक वेळा यशस्वी फटका. त्याखेरीज सात होम रनही मारले. अमेरिकन फुटबॉलच्या संघात तो क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचे सूत्र सांभाळणारा खेळाडू होता. १९८५ साली टोरांटो ब्लू जेज या व्यावसायिक संघाने वार्षिक निवडप्रक्रियेच्या छत्तिसाव्या फेरीत त्याला निवडले. सतरा वर्षांच्या, बेताच्या परिस्थितीतील मुलापुढे व्यावसायिक खेळाचे दार असे अचानक उघडले होते.

त्याने त्या दारातून आत जाणे नाकारले आणि मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला. आपल्या घरांतही हा प्रसंग नवा नाही. मुलाने लगेच दुकानात बसावे की आधी शिक्षण पुरे करावे, या प्रश्नावर कित्येक घरांत रात्र रात्र चर्चा झालेली असते. जिमच्या बाबतीत काळाने दिलेला कौल स्पष्ट होता. छत्तिसाव्या फेरीत निवडला गेलेला हा मुलगा तीन वर्षांनी पहिल्याच फेरीत, संपूर्ण देशातून आठव्या क्रमांकाने निवडला गेला.

मिशिगनची तीन वर्षे

मिशिगन विद्यापीठ अ‍ॅन आर्बर या गावी आहे, फ्लिंटपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर. तेथे प्रशिक्षक बड मिडॉ यांच्या हाताखाली १९८६ ते १९८८ असे तीन हंगाम अ‍ॅबट खेळला. ही आकडेवारी व्यापाऱ्याच्या नजरेने वाचण्याजोगी आहे. पहिल्या वर्षी सहा विजय आणि दोन पराभव. दुसऱ्या वर्षी अकरा विजय आणि तीन पराभव. तिसऱ्या वर्षी नऊ विजय आणि तीन पराभव. एकूण सव्वीस विजय, आठ पराभव. १९८६ आणि १९८७ या दोन्ही वर्षी त्याच्या संघाने मध्य-पश्चिमेकडील नामांकित विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ स्पर्धेचे विजेतेपद मिळवले.

१९८७ हे वर्ष त्याच्या महाविद्यालयीन कारकिर्दीचा कळस ठरले. त्या उन्हाळ्यात अमेरिकेचा हौशी संघ क्यूबामध्ये खेळायला गेला. क्यूबाचा संघ त्या काळी हौशी बेसबॉलमधला जवळजवळ अजिंक्य संघ मानला जाई. हवानातील मैदानावर, फिडेल कॅस्ट्रो यांच्या उपस्थितीत, एकोणीस वर्षांचा अ‍ॅबट चेंडू फेकायला उभा राहिला. सुरुवातीलाच त्याच्या दिशेने उसळत आलेला चेंडू त्याने उचलला आणि फलंदाजाला बाद केले. परक्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. सामना अमेरिकेने जिंकला. क्यूबाला त्यांच्या भूमीवर हरवणारा अमेरिकन पिचर पंचवीस वर्षांत कोणी झाला नव्हता.

काही दिवसांनी इंडियानापोलिस येथे पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा भरल्या. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील देशांच्या या स्पर्धेच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा राष्ट्रध्वज घेऊन पथकाच्या अग्रभागी चालण्याचा मान अ‍ॅबटला मिळाला.

त्याच वर्षासाठी त्याला दोन मोठे पुरस्कार लाभले. पहिला ‘गोल्डन स्पाइक्स’. देशातील सर्वोत्कृष्ट हौशी बेसबॉलपटूला हा पुरस्कार १९७८ पासून दिला जातो. दुसरा त्याहून मोठा, जेम्स ई. सलिव्हन पुरस्कार. १९३० साली सुरू झालेला हा सन्मान एका खेळापुरता नसून, सर्व खेळांतील हौशी खेळाडूंमधून वर्षाला एकाची निवड त्यासाठी होते. धावपटू आणि जलतरणपटू यांची नावे या यादीत वारंवार आढळतात. पहिल्या सत्तावन्न वर्षांत त्यात एकही बेसबॉलपटू नव्हता. अ‍ॅबट हा पहिला.

येथेच तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. हा मान त्याच्या डाव्या हाताला मिळाला, की नसलेल्या उजव्या हाताला? एखादा परीक्षक भारावला नसेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु क्यूबाचे फलंदाज भारावण्यासाठी मैदानात उतरले नव्हते. अकरा विजयांतील एकही विजय कोणी सहानुभूतीपोटी बहाल केलेला नव्हता. पुरस्काराच्या मागे तारण म्हणून एवढी शिल्लक असल्यावर त्याला दया म्हणणे अन्यायाचे ठरेल.

१९८८ च्या सप्टेंबरमध्ये सोल ऑलिम्पिकमध्ये त्याला आणखी एक संधी मिळाली. बेसबॉल तेव्हा तेथे प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवला गेला. त्याची पदके अधिकृत पदकतालिकेत धरली जात नव्हती. अंतिम सामना जपानशी होता. अ‍ॅबटने पहिल्या चेंडूपासून अखेरच्या चेंडूपर्यंत एकट्याने पिचरची धुरा सांभाळली आणि अमेरिकेने तो सामना ५-३ असा जिंकला. विजयाच्या क्षणी सहकाऱ्यांनी त्याच्यावर झेप घेतली आणि सारा संघ मैदानाच्या मध्यभागी एकावर एक कोसळला. त्याच्या हौशी कारकिर्दीची सांगता अशी झाली.

व्यावसायिक वाटेवर

बहुतेक खेळाडूंना मोठ्या संघात जाण्यापूर्वी कनिष्ठ संघांत काही वर्षे काढावी लागतात. कॅलिफोर्निया एंजल्स या संघाने अ‍ॅबटला १९८९ साली थेट मुख्य संघात उतरवले. ही तिकिटे खपवण्याची युक्ती आहे, अशी कुजबुज झाली. पहिला सामना तो हरला. परंतु हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर बारा विजय होते आणि कुजबुज विरली होती. १९९१ साली त्याने अठरा सामने जिंकले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम पिचरसाठीच्या मतदानात तिसरे स्थान मिळवले.

४ सप्टेंबर १९९३ चा दिवस तर बेसबॉलप्रेमी कधीच विसरणार नाहीत. अ‍ॅबट तेव्हा न्यूयॉर्क यांकीजकडून खेळत होता. आदल्याच सामन्यात क्लीव्हलँडच्या फलंदाजांनी त्याची धुलाई केली होती : चार डावही पुरे होण्याआधी सात धावा. आता पुन्हा तेच फलंदाज समोर होते. परंतु या दिवशी एकामागून एक डाव सरत गेले आणि कोणालाही त्याच्या चेंडूवर यशस्वी फटका मारता येईना. नवव्या आणि अखेरच्या डावात पहिला फलंदाज आला केनी लॉफ्टन, अत्यंत चपळ धावपटू. त्याने बंट करण्याचा प्रयत्न केला. प्रेक्षक संतापून ओरडले. अ‍ॅबटच्या दृष्टीने मात्र तो शाळेपासून ओळखीचाच प्रश्न होता. लॉफ्टन बाद झाला, त्याच्यानंतरचा बाद झाला आणि तिसऱ्याने मारलेला जमिनीलगतचा चेंडू क्षेत्ररक्षकाने पहिल्या बेसकडे फेकताच सामना संपला. ज्यात प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका मिळत नाही, अशा सामन्याला ‘नो-हिटर’ म्हणतात. मोठमोठ्या पिचरांच्या वाट्याला आयुष्यभरात तो एकदाही येत नाही. यांकीजने तो सामना ४-० असा जिंकला.

चरित्रलेख बहुधा अशा शिखरावर थांबतात. पण प्रामाणिक वहीला पुढची पानेही असतात. १९९६ साली अ‍ॅबटला अठरा पराभव पत्करावे लागले आणि विजय मिळाले केवळ दोन. चेंडूचा वेग उतरला होता. १९९७ मध्ये तो खेळातून बाहेर होता. तरीही १९९८ साली, ज्या कनिष्ठ संघांतून त्याला आरंभी जावेच लागले नव्हते, तेथून त्याने पुन्हा सुरुवात केली. वयाची तिशी गाठलेला, एके काळचा नावाजलेला खेळाडू विशी-बाविशीच्या मुलांबरोबर खेळू लागला. वर्षअखेरीस शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला बोलावले आणि तेथे त्याने पाच सामने जिंकले. एकही हरला नाही. १९९९ हा त्याचा अखेरचा हंगाम.

दहा हंगामांचा एकूण हिशेब असा : सत्त्याऐंशी विजय, एकशे आठ पराभव. व्यावसायिक वहीत जमेपेक्षा नावे अधिक आहे, हे लपवण्याचे कारण नाही. अ‍ॅबटनेही ते कधी लपवले नाही. हरलेले सामने हे सर्वसामान्य पिचरप्रमाणे हरलेले सामने होते. त्याला हवी होती ती बरोबरीची वागणूक हीच. आणि तिच्यात पराभवाचाही वाटा असतो.

मैदानाबाहेरची रांग

आकड्यांत न मावणारी एक नोंद राहते. अ‍ॅबटचा संघ ज्या ज्या शहरात जाई, तेथे सामन्याआधी काही कुटुंबे त्याची वाट पाहत उभी असत. कोणाच्या मुलाला हात नसे, कोणाच्या मुलीला बोटे नसत. शेकडो पत्रे येत. अ‍ॅबट या मुलांना भेटे, त्यांच्याशी बोले, त्यांना ग्लोव्हची अदलाबदल करून दाखवी आणि पत्रांना उत्तरे पाठवी. सामन्यापूर्वी एकाग्रता हवी असते; अशा वेळी ही भेट त्याला सोपी जात नसेल. तरीही तो टाळत नसे. आपल्याला बुटाची नाडी बांधायला कोणीतरी शिकवले होते, हे तो विसरला नव्हता.

महाविद्यालयीन बेसबॉलच्या राष्ट्रीय सन्मानदालनात २००७ साली त्याचा समावेश झाला. मिशिगन विद्यापीठानेही त्याचा ३१ हा क्रमांक निवृत्त केला. म्हणजे त्या संघात आता दुसरा कोणी तो क्रमांक परिधान करीत नाही. २०१२ साली त्यांचे आत्मकथन प्रकाशित झाले. त्याचे नाव ‘इम्परफेक्ट’, अर्थात अपूर्ण. हे नाव त्यांनी स्वतःसाठी निवडले, यातच बरेच काही आले.

त्या आत्मकथनात एक लहानसा प्रसंग आहे. पालकांनी आपापल्या व्यवसायाची माहिती द्यावी म्हणून मुलीच्या बालवाडीत त्यांना बोलावले होते. मुलांचे प्रश्न सुरू झाले. तेवढ्यात त्यांच्याच चिमुकल्या मुलीने हात वर केला आणि विचारले, की बाबांना आपला तो छोटा हात आवडतो का. क्यूबाच्या फलंदाजांनी किंवा न्यूयॉर्कच्या वार्ताहरांनी हा प्रश्न अशा शब्दांत कधी विचारला नव्हता. वडिलांनी क्षणभर विचार केला आणि होय म्हटले. तो नेहमीच आवडत आला असे नाही आणि त्याच्यासह जगणे नेहमी सोपेही नव्हते. पण आयुष्य सोपे नसते, ते नेहमी न्याय्यही नसते, हे त्या हाताने शिकवले, असे त्यांनी तिला सांगितले.

वहीतील उजवीकडची ती पहिली नोंद त्यांनी अखेरपर्यंत खोडली नाही. ती तशीच ठेवून, डावीकडे एकेक चेंडू जमा करीत ते गेले.